वाचकांचे प्रश्न : सेन्सर डब्यात की काट्यावर?

गावातल्या प्लॅस्टिकबद्दल मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली आणि निम्म्याहून जास्त पत्रांत ‘स्मार्ट’ हा शब्द होता. मी भंगारवाल्याची मुलगी. वडलांचं दुकान मार्केट यार्डाच्या मागे होतं. मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा केला आणि आता तालुक्याच्या शेडवर माल निवडणाऱ्या बायकांबरोबर काम करते. यंत्रांशी माझं वैर नाही, पण यंत्र कुठे बसवायचं यावर माझं मत ठाम आहे. ते पुढच्या उत्तरांत येईलच.

आमच्या गावची लोकसंख्या साडेचार हजार. एका कंपनीने सेन्सरचे कचराडबे दाखवले. डबा भरला की ग्रामसेवकाच्या मोबाइलवर मेसेज येतो. वित्त आयोगाच्या पैशातून घ्यावेत का?
— एक सरपंच, सोलापूर जिल्हा

सरपंचसाहेब, घेऊ नका.

आता कारण. त्या डब्याच्या झाकणाला आतून एक छोटी पट्टी लावलेली असते. ती कानाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडते आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून कचरा किती खोल आहे ते काढते. हा सेन्सर सुटा घेतला तर शे-दीडशे रुपयांत मिळतो. उरलेली किंमत डब्याची, सिमची आणि सेल्समनच्या पेट्रोलची. हवा भरलेली एक पिशवी झाकणाखाली तरंगत राहिली की डबा ‘भरला’. कचऱ्याचा ढीग तिरपा असला की आवाज भलतीकडे परततो आणि तुडुंब डबा ‘रिकामा’. पावसाळ्यात साधा सेन्सर भिजून मरतो. पाण्याला दाद न देणारा घ्यावा तर त्याला पहिलं वीत-दीड वीत अंतर दिसतच नाही, आणि डबा भरत आला की कचरा नेमका तिथेच असतो.

हे सगळं दुरुस्त करता येईल. प्रश्न असा आहे की त्या मेसेजने तुमच्या गावात बदलणार काय? मोठ्या शहरात गाडी रोज पंचवीस-तीस किलोमीटर फिरते. तिथे रिकामा डबा वगळला तर डिझेल वाचतं. तुमची घंटागाडी तासा-दोन तासांत सगळ्या आळ्या फिरून येते. डबा भरलाय हे समोरचा पानवालाही सांगेल.

आणि खरं नुकसान तर डबा ठेवल्यानेच होतं. चौकातल्या डब्यात वरणभात, डायपर आणि पाण्याची बाटली एकत्र पडतात. ज्या क्षणी बाटलीला खरकटं लागलं त्या क्षणी तिचा भाव पडला. माझ्या वडलांच्या दुकानात ‘घरचा माल’ आणि ‘उकिरड्याचा माल’ असे दोन ढीग असत आणि दोन्हींचे भाव वेगळे. आजही तेच आहे. प्लॅस्टिक दारातच सुकं आणि वेगळं घेतलं तरच ते माल राहतं.

पैशाचं म्हणाल तर स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत तरतूद आहे. तुमच्या गावाचे होतात २ लाख ७० हजार. प्लॅस्टिकच्या युनिटसाठी वेगळे १६ लाख रुपयांपर्यंत मिळतात, पण ते तालुक्याला एक या हिशेबाने. म्हणजे सरकारनेही धरलंय की गावात निवडून साठवायचं आणि दाबणं, कापणं तालुक्याला. कर्नाटकात उडुपी जिल्ह्यात, कार्कळजवळ निट्टेला याच तऱ्हेने अनेक ग्रामपंचायतींचा सुका कचरा एका केंद्रात आणतात. जमलं तर सदस्यांना घेऊन बघून या.

तुम्हाला इलेक्ट्रॉनिक वस्तूच घ्यायची असेल तर साठवण शेडवर एक चांगला प्लॅटफॉर्म काटा घ्या, ज्याचं वजन थेट मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये उतरवता येतं असा. गोणी ठेवली की वजन, तारीख आणि आळीचं नाव एका ओळीत उमटलं पाहिजे. हाताने आकडा लिहायला जागाच ठेवायची नाही. भंगाराच्या धंद्यात काटा कसा मारतात हे मी लहानपणापासून बघितलंय आणि तो फक्त घेणाराच मारतो असं नाही. वैधमापन खात्याचा पडताळणीचा शिक्का दरवर्षी मारून घ्या.

या नोंदीतून काय मिळतं? एका लिटरच्या पाण्याच्या बाटल्या किलोला चाळीसेक बसतात. छोटा हत्ती टेम्पो साडेसातशे किलो ओढतो, पण सुट्या बाटल्यांनी हौदा जाळीपर्यंत भरला तरी वजन भरतं सव्वाशे-दीडशे किलो. बाकी सगळी हवा. ती हवा तालुक्याला पोचवायला डिझेल जाळलं तर बाटल्यांचे पैसे वाटेतच संपले. तुमच्याकडे आठवड्याला किती किलो जमतं हे कळलं की शेजारच्या चार गावांशी मिळून गाडी कधी काढायची ते ठरवता येतं, आणि गाठोडी दाबायचं बेलिंग मशीन तालुक्याला लवकर बसवा असं पंचायत समितीत आकडे मांडून भांडता येतं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी माल दुप्पट येतो की तिप्पट, कुठल्या आळीतून काहीच येत नाही, हेही त्यातूनच दिसतं. ज्या आळीतून काही येत नाही तिथे प्लॅस्टिक जाळतात असं समजा आणि संध्याकाळी एक चक्कर मारा.

आमच्या गटाला तालुक्याच्या शेडवर प्लॅस्टिक निवडायचं काम मिळालंय. एक माणूस हातात धरायचं यंत्र दाखवून गेला. प्लॅस्टिकला टेकवलं की प्रकार सांगतं. आम्हाला सगळे प्रकार ओळखता येत नाहीत. घ्यावं का?
— महिला बचत गट, जालना जिल्हा

ताई, यंत्र खोटं नाही. ते डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगापलीकडचा प्रकाश प्लॅस्टिकवर टाकतं. कुठला प्रकाश शोषला आणि कुठला परत फिरला यावरून पेट, एचडी, पीपी अशी प्लॅस्टिकची जात सांगतं. प्रत्येक प्लॅस्टिकची शोषायची तऱ्हा वेगळी असते. बाहेरून येणारी चांगली यंत्रं लाखांत जातात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या एका विद्यार्थ्याने, जेरी डी व्होसने, हेच काम साध्या इन्फ्रारेड दिव्यांवर करणारं स्वस्त यंत्र बनवलं आणि त्याचे आराखडे सगळ्यांना खुले ठेवले. ‘प्लॅस्टिक स्कॅनर’ असं त्याचं नाव. २०२१ साली त्याला जेम्स डायसन पुरस्कारांतला शाश्वततेचा पुरस्कार मिळाला. तुमच्या जवळच्या पॉलिटेक्निकमधल्या मुलांना ते दाखवा, हाताला चाळा लागेल.

पण त्या माणसाला परत बोलवा आणि त्याच्यासमोर तीन वस्तू ठेवा : काळी बादली, वेफर्सचं चकचकीत पाकीट आणि तेलाने माखलेली कॅन. काळ्या रंगातली काजळी सगळा प्रकाश गिळते, त्यामुळे बहुतेक यंत्रं बादलीपुढे गप्प बसतात. पाकिटात तीन-चार थर असतात, यंत्राला वरचाच दिसतो. कॅन आधी पुसावी लागेल. तुमच्या शेडवर याच तीन वस्तू डोकेदुखीच्या असणार.

उरलेला माल हातांना कळतो, फक्त शिकवणारं कुणी हवं. पाण्याची एक बाटली घ्या. ती एक वस्तू दिसते, पण तिच्यात तीन माल आहेत. बाटली पेटची, झाकण आणि गळ्यातलं कडं एचडी किंवा पीपीचं, लेबल आणखी वेगळं. कात्रीने तुकडे करून पाण्याच्या घमेल्यात टाका. झाकण तरंगेल, बाटली बुडेल. पेट पाण्यापेक्षा जड, म्हणजे लिटरमागे १.३८ किलोच्या आसपास, एचडी ०.९५ आणि पीपी ०.९०. एवढं एक घमेलं तुमची अर्धी निवड करून देतं. मिठाचं पाणी केलंत तर आइस्क्रीमच्या कपातलं कडक, कटकन मोडणारं प्लॅस्टिकही वर येतं. साध्या पाण्यात ते बुडतं.

घमेलं जिथे फसतं ती जागा महत्त्वाची आहे. पेट आणि पीव्हीसी (पाइपांचं प्लॅस्टिक) दोन्ही बुडतात. आणि पेटच्या गोणीत पीव्हीसीच्या थोड्याशा बाटल्या किंवा लेबलं गेली तरी घेणारा अख्खी गोणी परत करतो, कारण पेट वितळवण्याइतक्या उष्णतेला पीव्हीसी जळून आम्ल सुटतं आणि वितळवून पाडलेल्या प्लॅस्टिकच्या दाण्यात काळे-पिवळे ठिपके पडतात. म्हणून बाटली उलटी करून बूड बघा. मधोमध टिकलीएवढा टिपका असेल तर पेट. बुडावर आडवी शिवण असेल तर ती पेटच्या गोणीत नको, वेगळ्या टोपलीत टाका. शिवणवाल्या बाटल्या शाम्पूच्या एचडीच्या असतील किंवा पीव्हीसीच्या. घमेल्यात तरंगली ती एचडी, बुडाली ती बाजूला. एवढ्या टोपलीपुरतं यंत्र खरंच कामाचं आहे, पण त्यासाठी जिल्ह्याला एक पुरे. तुमच्या गटाने कर्ज काढून घेऊ नये.

जुने भंगारवाले काडी लावून वास घेतात, मेणबत्तीचा वास आला तर एलडी (पातळ पिशव्यांचं प्लॅस्टिक) किंवा एचडी. तुम्ही ते करू नका. आठ तासांच्या पाळीत तो धूर रोज छातीत जातो. आणि गावातल्या दवाखान्यातली सलाइनची बाटली, नळी किंवा सिरिंज गोणीत दिसली तर हात लावायचा नाही, माल तिथेच थांबवायचा आणि ग्रामपंचायतीला फोन करायचा. तो तुमचा माल नाही.

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, गाव राजापूर तालुक्यात. केरळसारखे घरोघर क्यूआर कोड लावून प्लॅस्टिक संकलनाचं ॲप करायचंय. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून जमेल का?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी जिल्हा

जमेल. पण आधी केरळचं नीट बघ. तिथल्या ॲपचं नाव हरितमित्रम, केल्ट्रॉन या सरकारी कंपनीने बनवलेलं. घराच्या भिंतीवर कोड असतो, हरित कर्म सेनेच्या बायका ठरल्या दिवशी येतात, कोड स्कॅन करतात, धुऊन सुकवलेलं प्लॅस्टिक घेतात आणि महिन्याचं ठरलेलं शुल्क घेऊन नोंद करतात. कुदुंबश्रीचं महिला गटांचं जाळं तिथे १९९८ पासून आहे आणि माल उचलायला क्लीन केरळ कंपनी ही सरकारी कंपनी आहे. कोड आला तो या दोन्हींच्या मध्ये. बाई येणारच नसेल आणि माल कुणी घेणारच नसेल तर तुझा कोड भिंतीवरची नक्षी होईल.

(हरित कर्म सेनेच्या बायकांची एक गंमत सांगते. २०२३ साली मलप्पुरम जिल्ह्यातल्या परप्पनंगडीच्या अकरा जणींनी २५० रुपयांचं लॉटरीचं तिकीट वर्गणी काढून घेतलं आणि त्यांना दहा कोटींचं बक्षीस लागलं.)

आता तुझं गाव. पहिली गोष्ट, नवा घरक्रमांक शोधून काढू नकोस. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये प्रत्येक घराचा मिळकत क्रमांक आहे, घरपट्टी त्यावरच येते. कोडमध्ये तोच घाल. उद्या शुल्क घरपट्टीबरोबर घ्यायचं ठरलं तर जोडणी आयती मिळेल. दुसरी, कोड बाहेरच्या भिंतीवर लावू नकोस. कोकणातला एक पावसाळा झाला की लॅमिनेशनच्या आत बुरशी धरते. पडवीच्या खांबाला लाव, शक्यतो पत्र्यावर छापलेला.

तिसरी गोष्ट शहरातल्या ॲपवाल्यांना सुचत नाही, तुला सुचायला हवी. तुझ्या वाडीत किती घरांना कुलूप आहे? चाकरमानी मुंबईत, म्हातारी देवाघरी गेलेली, घर वर्षातून दोनदा उघडतं. ॲपमध्ये ‘घर बंद’ असं ठळक बटण नसेल तर वर्षभर तुझा तक्ता सांगेल की निम्मं गाव सहकार्य करत नाही, आणि सभेत उगाच भांडणं लागतील. उलट गणपतीत आणि शिमग्याला त्याच घरांतून दहा दिवसांत वर्षाचं प्लॅस्टिक निघतं. त्या दहा दिवसांत गाडीची फेरी वाढवायची सूचना ॲपने आधीच्या वर्षाच्या नोंदींवरून स्वतः दिली, तर मी तुला ‘स्मार्ट’ हा शब्द वापरायची परवानगी देईन.

रेंजचं तुला सांगायला नको. नोंद फोनमध्येच साठली पाहिजे आणि बाई ग्रामपंचायत कार्यालयात आली की वर चढली पाहिजे. हातात मोजे असतात, म्हणून बटणं मोठी ठेव आणि टाइप करायला काही ठेवू नकोस. आणि कुणी शुल्क दिलं नाही याची यादी ॲपमधून सगळ्या गावाला दिसेल असं काही करू नकोस. वाडीतली जुनी भांडणं तुझ्या प्रोजेक्टवर उतरतील. नोंदींचा मालक ग्रामपंचायत राहील, एखादी कंपनी नाही, हे लेखी घे.

कॉलेजला डेमो द्यायचा तर वीस घरं पुरतात. मात्र ज्या बाईच्या हातात तो फोन जाणार आहे तिला पहिल्या दिवसापासून बरोबर घे, आणि तिचा दिवसाचा रोज बुडत असेल तर तो भरून दे.

शाळेला एक संस्था बाटली टाकली की कूपन देणारं मशीन दान देतेय. मुलांना सवय लागेल असं वाटतं. आपलं मत?
— एक शिक्षिका, कोल्हापूर जिल्हा

बाई, दान देणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा. बिघडल्यावर कोण येणार, किती दिवसांत येणार आणि कूपनचे पैसे कोण भरणार? उत्तर लेखी मिळालं तर घ्या.

शंका कशासाठी, ते सांगते. चाळीस बाटल्या मिळाल्या तर किलो होतो, त्यामुळे एका बाटलीची भंगारातली किंमत रुपयाच्या आतच राहते. तेवढ्यात कूपन, वीज आणि कागदाचा रोल बसत नाही, म्हणजे मशीन कायम कुणाच्या तरी देणगीवर चालतं. केदारनाथला २०२२ साली वेगळा प्रयोग झाला. बाटलीवर क्यूआर कोड, विकतानाच दहा रुपये जास्त घ्यायचे, रिकामी बाटली परत केली की ते परत. तिथे पैसे गिऱ्हाइकाचेच असतात, म्हणून तो बाटली घेऊन येतो, नाहीतर दुसरा कुणी उचलून आणतो. गोव्याने अशी अनामत योजना २०२४ साली अधिसूचित केली. आपल्याकडेही २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या वेळी बाटलीमागे एक-दोन रुपयांची गोष्ट निघाली होती, पण ती रुजली नाही.

द्राक्ष-टोमॅटोच्या पट्ट्यात मल्चिंग पेपरचे (वाफ्यावर अंथरायच्या प्लॅस्टिकचे) ढीग बांधावर पडलेत. भंगारवाला हात लावत नाही. यावर काही मशीन निघालंय का?
— एक शेतकरी, जुन्नर तालुका

दादा, भंगारवाल्याचं बरोबर आहे. तुमचा पेपर पंचवीस-तीस मायक्रॉनचा, त्याला चिकटलेली माती त्याच्यापेक्षा जड. तो माती विकत घेणार नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या मात्र तोच माणूस आनंदाने उचलतो, कारण त्या जाड आणि एकजात असतात.

ट्रॅक्टरला जोडायचं पेपर गुंडाळणारं अवजार आहे, पण फार पातळ पेपर त्यात फाटतो. म्हणून खरा निर्णय पेपर घेतानाच होतो. थोडा जाड घेतलात तर तो अखंड निघतो. काढायचा तो वापसा गेल्यावर, कोरड्या रानात, झटकून आणि गुंडाळून. ओला गोळा केला की गेला. रोटाव्हेटरने रानातच कुटून टाकणारे लोक मला माहीत आहेत. तो चुरा पुढच्या पिकांच्या मुळांत राहतो आणि तिथून कुणालाच काढता येत नाही.

तंत्रज्ञान हवंच असेल तर ते तुमच्या खिशात आहे. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी सगळ्यांचा झटकलेला पेपर एका ट्रॉलीत भरा. एका शेतकऱ्याचा ढीग कुणी धुणार नाही, पण ट्रॉलीभर माल असेल तर धुलाईची सोय असलेला कारखाना निदान फोन उचलतो.

फवारणीच्या औषधाच्या बाटल्या या ट्रॉलीत नको. तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा आणि वेगळी ठेवा.

बाटल्या विकल्या जातात, पण वेफर्स, गुटखा, शाम्पूच्या पुड्यांचं काय? आमच्या शेडमध्ये गोण्या छताला लागल्यात.
— शेड व्यवस्थापक, यवतमाळ जिल्हा

थरांच्या या पाकिटांतून परत दाणा निघणं अवघड. त्यांना दोन वाटा आहेत. एक रस्त्याची. मदुराईच्या प्रा. आर. वासुदेवन यांनी रूढ केलेल्या पद्धतीत कापलेलं प्लॅस्टिक १६० ते १७० अंशांना तापलेल्या खडीवर टाकतात, ते खडीला लेपासारखं बसतं आणि मग डांबर. प्लॅस्टिक डांबराच्या साधारण आठ टक्के जातं, पीव्हीसी मात्र अजिबात चालत नाही. दुसरी वाट सिमेंटच्या भट्टीची, आणि ती तुम्हाला जवळ आहे, कारण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंट कारखाने आहेत. तिथे सुकी आणि दाबलेली गाठोडी लागतात. ओली गोणी गेटवरून परत येते, आणि भाडं तुमच्या अंगावर पडतं.

भाव मिळेल अशी आशा ठेवू नका. वाहतूक सुटली तरी मिळवलं. पण एक हक्क सोडू नका. २०२२ पासून पाकीट बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर ते गोळा करून निस्तरण्याची वजनागणिक जबाबदारी आहे आणि त्याची प्रमाणपत्रं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेल्या प्रक्रिया करणाऱ्यांकडूनच निघतात. म्हणजे तुमचा माल नोंदणीकृत माणसाकडे गेला तरच त्याला त्यावर पैसे मिळतात, आणि तुमचं भाडं त्या पैशातून सुटू शकतं. बिननोंदणीच्या टेम्पोवाल्याला फुकट दिलात तर काहीच नाही. गाडी भरण्याआधी त्याचा नोंदणी क्रमांक मागा, भरलेल्या गाडीचा काट्यावरचा फोटो काढा, आणि जी पावती घ्याल तिच्यावर वजन, तारीख, गाडीचा नंबर आणि मालाचा प्रकार असला पाहिजे. नुसतं ‘मिक्स माल’ लिहिलेली पावती परत करा.